किण्वनाची व्याख्या लिहा (२ गुण)

आमच्या कुत्र्याचं नाव आडत्या. हे नाव ऐकून बाहेरगावचे लोक लगेच हसतात. लोणंदचे लोक आधी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघतात आणि मग हसतात. तो आम्हाला कांदा मार्केटात सापडला. ढिगाआड, गोणपाटावर, महिना-सव्वा महिन्याचा. त्याच दिवशी माझ्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्यातलं दर तिसरं बिस्किट त्यानं स्वतःच्या खात्यावर वळतं करून घेतलं. नाव ठेवायला बारसं लागलं नाही.

तेव्हापासून घरात जे येईल त्यात त्याचा वाटा ठरलेला. दुधात आडत, चपातीत तोलाई, आणि मटणाच्या दिवशी हमाली वेगळी. २०१६ साली सरकारनं शेतकऱ्याकडून आडत कापणं बंद करून ती खरेदीदाराकडून घ्यायला लावली. तो निर्णय आमच्या आडत्यापर्यंत अजून आलेला नाही. फक्त कांद्याला तो तोंड लावत नसे. हळवा असो, गरवा असो, नुसता वास घेऊन बाजूला. मला वाटायचं, हलवाई कसा जिलबी खात नाही, तसं असेल.

आता, कुत्र्यांच्या आहाराविषयी आमच्या भागात एक शास्त्र आहे आणि ते चार शब्दांत मावतं : ‘काय होतंय आं त्याला!’ आमटी घातली, काय होतंय. शिळा भात, चहाचा गाळ, खरवस, दिवाळीला चिकटलेला अनारसा, पितरांची खीर, काय होतंय. पुरावा म्हणून प्रत्येक घरात एक स्वर्गवासी कुत्रा असतो, जो ‘आमच्या आबांच्या वेळी’ मिरचीचा खर्डा खाऊन सतरा वर्षं जगला. त्याच घरातले जे तीन कुत्रे चौथ्या-पाचव्या वर्षी गेले ते ‘काहीतरी होऊन’ गेले, त्यामुळे ते पुराव्यात धरत नाहीत. मी एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. तरी घरी आलो की मीही याच शास्त्राचा होतो.

गोष्ट २०२० च्या जूनमधली. लोणंदच्या माणसाला जून म्हणजे पाऊस नव्हे, पालखी. माउली वाल्ह्याहून निघतात, नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान होतं, पाडेगावपाशी सातारा जिल्हा लागतो आणि मग लोणंदचा मुक्काम. पुढं तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. आमच्या घरी मुक्कामाला दिंडीतली पंचवीस-तीस माणसं जेवायला असतात. त्या दिवसांत घरातल्या सगळ्या परातींना कामं लागतात आणि सौभाग्यवतींच्या हातांना वर्षभराची कणीक त्या दोन दिवसांत मळायची असते. आडत्याचा तो वर्षाचा मुख्य हंगाम. मळणाऱ्या प्रत्येक बाईपुढं तो मांडी घातल्यासारखा बसतो आणि चानकी, करपलेली चपाती, हातातून निसटलेला गोळा, जे पडेल ते खातो. त्या गोळ्यानं त्याला कधी काही झालं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या या अनुभवातून झाला. आणि माझ्याही.

त्या वर्षी पालखी निघाली नाही. पादुका आळंदीतच थांबल्या आणि ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमचा पालखीतळ गायरानासारखा मोकळा पडला. ज्या तारखांना दारात माणसांचा समुद्र असायचा त्या तारखांना मी ओट्यावर बसून, मास्क हनुवटीला लावून, रस्त्यानं जाणारी एक म्हैस बघत होतो. घरात मात्र हात शिवशिवत होते. पंचवीस माणसांची कणीक मळायची सवय असलेले हात दहा चपात्यांवर भागत नाहीत. अशात पुण्याहून लेक लॅपटॉप घेऊन घरून काम करायला आलेली. ती म्हणाली, “आई, पाव करू या घरी.”

माझी आई तेव्हा एक्याऐंशीची. पाव या वस्तूविषयी तिची मतं पक्की. पाव पायानं तुडवून मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हे तिनं मला लहानपणी सांगितलं होतं, आणि हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘पांव’वरून आला हे मी तिला मोठेपणी सांगितलं, तर म्हणाली, “मंग पोर्तुगीज काय हातानं मळत हुते?” वसईकडं फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवली, ही तिची दुसरी कथा. त्यामुळे घरात पाव येणार म्हटल्यावर तिनं एकच अट घातली : विहिरीजवळ न्यायचा नाही. आमच्याकडं विहीर नाही. अट मान्य झाली.

मग ईस्ट. लेकीनं यादीत ‘यीस्ट’ लिहून मला वाण्याकडं पाठवलं. वाणी म्हणाला, “सर, ईनो आहे, सोडा आहे, ईस्ट संपलं. सगळं गाव पिझ्झा करायलंय.” त्या दिवसांत खरंच तसं झालं होतं. घरात कोंडल्यावर माणूस शेवटी मैद्याकडं वळतो. अखेर एका बेकरीवाल्यानं मेहरबानी करून कागदात चार चमचे बांधून दिलं. बारीक, पिंगट, मोहरीच्या कोंड्यासारखं. मी ते शर्टाच्या खिशात घालून आणलं.

आता माझा गुन्हा सांगतो. पुस्तकात त्याला ‘किण्व’ म्हणतात. एकतीस वर्षं मी फळ्यावर ‘किण्व’ लिहिलं, त्याची आकृती काढली, त्याला फुटणारी कळी काढली, पोरांकडून ती पाठ करून घेतली. पण किण्वाला मी समोरासमोर कधी भेटलेलो नव्हतो. त्यामुळे तो ‘ईस्ट’ हे नाव लावून, कागदाच्या पुडीत, माझ्याच खिशातून माझ्या घरात शिरला तरी मी ओळखला नाही.

दोन किलो मैदा. कोमट दूध, साखर, मीठ, ते पिंगट पाणी, तेल. मायलेकींनी परात मधे घेऊन मळायला घेतलं आणि पहिल्यांदा मला कळलं की हा गोळा आपल्या कणकेच्या जातीचा नाही. आपली कणीक गरीब असते. मळली, तेलाचं बोट फिरवलं, झाकली, की सांगितल्या जागी गप पडून राहते. हा गोळा बोटाला धरून ठेवत होता. सोडला की मागं येत होता. वर ओला पंचा टाकून परात पडवीत पत्र्याखाली ठेवली, कारण लेकीच्या मोबाइलवर लिहिलं होतं : ऊबदार जागी, झाकून, तासभर, दुप्पट होईपर्यंत.

अर्ध्या तासानं आई पडवीतून ओरडली, “आरं, ह्ये वर याया लागलंय!” पंचा खरोखर मधून फुगला होता, खाली कुणी गुडघे वर करून झोपल्यासारखा. आईनं लांबूनच हात जोडले.

दुपारी सगळे लवंडलो. उठून बघतो तर पंचा अंगणात, परात तिरपी, आणि गोळ्याच्या एका अंगाला स्वच्छ कापल्यासारखा खड्डा. आडत कापली होती. अंदाजे अर्धा किलो. आडत्या तुळशीपाशी बसून नाकाला चिकटलेला मैदा जिभेनं काढत होता, आणि चेहऱ्यावर व्यवहार चोख झाल्याचा भाव.

लेक घाबरली. “बाबा, कच्चं पीठ खाल्लंय त्यानं!”

“मग?” मी म्हणालो. “पालखीत दरवर्षी खातो. काय होतंय आं त्याला!”

विज्ञानाचा शिक्षक. एकतीस वर्षं.

साधारण तासाभरानं आडत्या उभा राहिला आणि परत बसला. पुन्हा उभा राहिला. चार पायांपैकी तीन एका मताचे आणि चौथा विरोधी पक्षात. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. मी टिचकी मारली तर आवाजही तसाच आला. मान खाली घालून ओकायचा प्रयत्न करी, पण फेस सोडून काही बाहेर येईना. मग तो अंगण ओलांडायला निघाला आणि रस्ता सरळ असताना उगाचच वळण घेऊन कण्हेरीत गेला. शेजारचे माळकरी अण्णा कुंपणावरून बघत होते. ते आत आले, वाकले, आडत्यानं नेमका तेव्हाच ढेकर दिला, आणि अण्णा दोन पावलं मागं सरले.

“सर,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “ह्यानं घेतलीया.”

मी म्हणालो, “अण्णा, काहीतरी काय! दुकानं तर परवा उघडली.”

“वास घ्या की.”

मी घेतला. एसटी स्टँडच्या मागच्या बोळात पहाटे जो वास येतो तोच. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय पिता येत नाही आणि कडक घ्यायची तर वय पंचवीस लागतं. आडत्या साडेतीन वर्षांचा आणि कागदपत्रं काहीच नाहीत. आई म्हणाली, मिठाचं पाणी पाजा. अण्णा म्हणाले, ताक पाजा. सौ. म्हणाल्या, “अहो, आधी फोन करा!”

गावातला जनावरांचा डॉक्टर माझा विद्यार्थी. दहावीत शेवटच्या बाकावर, खिडकीकडची जागा. विज्ञानात काठावर वर आलेला. पुढं मात्र शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला आणि आता पंचक्रोशीतल्या गाई-म्हशी त्याच्या हातानं वितात. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, “बोला सर.” मी सगळं सांगितलं. पलीकडं क्षणभर शांतता.

“सर, पिठात ईस्ट होतं?”

“होतं.”

“भाजलेलं का कच्चं?”

“कच्चं. फुगत ठेवलेलं.”

“सर,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला, दहावी ‘ब’ला, शनिवारी सकाळी. “किण्वनासाठी काय काय लागतं?”

मी ओट्यावर बसलो. “साखर… ओलावा… ऊब…”

“कुत्र्याच्या अंगात ऊब किती असते?”

“माणसापेक्षा जास्त.”

“अडतीस ते एकोणचाळीस अंश. आणि किण्व साखरेचं काय करतं?”

“अल्कोहोल,” मी म्हणालो, “आणि कार्बन डायऑक्साइड.”

“मग गॅसनं पोट फुगलं आणि अल्कोहोलनं कुत्रं झिंगलं. काहीही पाजू नका. मीठ नाही, ताक नाही, कोमट पाणी तर अजिबात नाही. घेऊन या लगेच.”

फोन ठेवला आणि लेकीच्या मोबाइलवरची ती ओळ डोळ्यांपुढं आली. ऊबदार जागी, झाकून, दुप्पट होईपर्यंत. आम्ही त्यासाठी पत्र्याखालची जागा शोधली होती. कुत्र्याच्या पोटाइतकी ऊबदार, झाकलेली आणि ओली जागा सबंध खंडाळा तालुक्यात दुसरी नसेल. आडत्यानं पीठ खाल्लं नव्हतं, त्यानं ते फुगत ठेवलं होतं. पोटात चालती-बोलती हातभट्टी.

अण्णांच्या छोटा हत्तीतून निघालो. मागं मी, आडत्याचं डोकं माझ्या मांडीवर. एरवी गाडी दिसली की भुंकणारा, तो आता डोळे अर्धे मिटून, जीभ एका बाजूला टाकून, माझ्याकडं बघून शेपूट हलवायचा प्रयत्न करत होता, आणि शेपूट हलली की पाठोपाठ सगळाच हलत होता. इथं मला हसू आलं नाही, हे नमूद करतो. अंग गार लागत होतं. जूनमध्ये, लोणंदमध्ये, कुत्र्याचे कान गार.

दवाखान्यात टेबल गाई-वासरांच्या मापाचं. त्यावर आडत्या पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. डॉक्टरनं हिरड्या दाबून बघितल्या, ताप बघितला (खाली गेला होता), पोटाला कान लावला. मी विचारलं, उलटी काढता येणार नाही का? म्हणाला, “खाल्ल्या खाल्ल्या आणला असता आणि शुद्धीत असता तर बघितलं असतं. झिंगलेल्याला ओकायला लावलं की ते सरळ फुफ्फुसात जातं. आणि हा गोळा चिकट, सुखासुखी वर येत नाही.” मग घशातून नळी आणि नळीतून फ्रिजमधलं गार पाणी, घालायचं आणि काढायचं, घालायचं आणि काढायचं. गार पाण्यानं किण्वाचा जोर ओसरतो. पायाला सलाईन, त्यात ग्लुकोज, कारण दारूनं कुत्र्याची रक्तातली साखर पडते. आणि वरून घोंगडी, कारण दारूनं अंगही गार पडतं. आतून थंड करायचं आणि बाहेरून गरम. नळीतून परत आलेल्या पाण्यात पांढऱ्या मैद्याच्या लडी होत्या. बादलीत पडल्यावरही त्यांना बुडबुडे येत होते.

“गाईंचं बघतो की आम्ही,” डॉक्टर हात धूत म्हणाला. “लग्नाचा उरलेला भात, पोळ्या, बुंदी, सगळं पाटीभर नेऊन गाईपुढं ओततात. पुण्य मिळतं म्हणून. पोटात ते आंबतं, आम्ल होतं, गाय बसते ती उठत नाही. तिथंबी लोक हेच म्हणतात सर, काय होतंय तिला.” मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत राहिलो. “हा लहान चणीचा म्हणून बरं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट असं फुगलं की कधीकधी सगळं जठरच पीळ घेतं. मग ऑपरेशन, आणि तेही तासा-दोन तासांत.”

अण्णा बाहेर बाकावर बसून होते. मी बाहेर आलो तसं म्हणाले, “नामदेवराय बघा सर. कुत्र्यानं पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागं धावले. देवा, कोरडी नका खाऊ.”

“अण्णा, ती भाजलेली होती.”

“मंजी?”

“भाजलं की किण्व मरतं. भाजलेल्या पोळीनं, पावानं असं होत नाही. कच्चा गोळा पळवला असता तर नामदेवांना वाटीत तूप नव्हे, गार पाणी न्यावं लागलं असतं.”

अण्णांनी यावर बराच विचार केला. “पर त्येंच्या पिठात ईस्ट नव्हतं,” ते म्हणाले. हेही खरं. बिचाऱ्या आडत्याचा तरी काय दोष? कणकेचा गोळा चालतो, हे त्यानं पालखीगणिक तपासून बघितलं होतं. परात तीच, पंचा तोच, मळणारे हात तेच. आत कोण राहायला आलंय हे त्याला कोणी सांगितलं नाही. ज्याला माहीत होतं तो दुपारचा घोरत होता.

रात्री नऊला नळी निघाली. डॉक्टरनं सकाळपर्यंत ठेवून घेतला, आणि मीही थांबलो. वेळ काढायला त्यानं माझी आणखी उजळणी घेतली. द्राक्षं, बेदाणे : कुत्र्याची किडनी जाते. चॉकलेट : हृदय. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम : रक्तातली साखर धाडकन खाली. “आणि आपल्या गावातलं सगळ्यात मोठं सांगू? कांदा. कच्चा, शिजलेला, भजीतला, आमटीतला. तांबड्या पेशी फुटतात. किलोमागं पंधरा-वीस ग्रॅम कांदा पुरतो. लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या.” मी मनात आमच्या घरी एकतीस वर्षं वाया न गेलेल्या आमटीची मोजणी करू लागलो आणि मधेच सोडून दिली. ‘काहीतरी होऊन’ गेलेल्या त्या तीन कुत्र्यांची नावं मात्र एकेक करून आठवली.

पहाटे आडत्यानं डोळे उघडले. ट्यूबलाइटकडं बघून लगेच मिटले. मग एकच उघडला. मी आयुष्यात कधी घेतली नाही, पण लग्नाच्या वरातींनंतर घेतलेल्यांना सकाळी पाहिलं आहे. तेच डोळे, तोच पश्चात्ताप, आणि तीच पाण्याच्या भांड्याकडं निघालेली नजर.

घरी आलो तर पडवीत वेगळाच वास. उरलेलं पीठ टाकायचं कशाला म्हणून मायलेकींनी रात्रीच कुकरमध्ये मीठ घालून पाव भाजले होते. वरून तांबूस, आतून कापसासारखे. आईनं एक्याऐंशी वर्षांत शिवला नव्हता तो पाव दुधात बुडवून खाल्ला, आणि तिसरा घेताना म्हणाली, “नुसता बघत हुते, आत काय हाय.” आडत्या दारात आडवा झाला. आडत मागितली नाही. हा चमत्कार एकूण आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी परातीवरचा पंचा पुन्हा अंगणात सापडला, पण परात रिकामी होती. पीठ आम्ही गोदरेजच्या कपाटात, माझ्या पासबुकांच्या शेजारी, कुलूप लावून फुगत ठेवलेलं. तिथं ते किती फुगलं आणि पासबुकांचं काय झालं, हा विषय बँकेतही काढत नाही.

पैसे द्यायला दवाखान्यात गेलो तर डॉक्टर घेईना. “सर, तुमच्याकडून कसले घ्यायचे? एक करा. दहावीच्या सहामाहीला किण्वनाची व्याख्या आली होती. मी लिहिली होती, तुम्ही शून्य दिला होता. दोन गुण होते.”

“तू काय लिहिलं होतंस?”

“पीठ फुगतं त्याला किण्वन म्हणतात.”

“मग शून्यच येणार.”

“आता विचारा.”

मी विचारलं. त्यानं हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “किण्वासारखे सूक्ष्मजीव साखरेचं रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये करतात, त्या क्रियेला किण्वन म्हणतात.”

मी औषधाच्या पावतीची मागची बाजू घेतली, खिशातलं लाल पेन काढलं, दीड गुण दिले आणि सही केली.

“अर्धा कुठं गेला सर?”

“ऑक्सिजनच्या अनुपस्थितीत,” मी म्हणालो. “राहिलं.”